निराहार म्हणजे काय

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता बेळगावातल्या एका दवाखान्यात कामाला आहे. तिथल्या वेबसाइटवरचा मराठी मजकूर मी लिहिते, लोक तो मोबाइलवर वाचतात. गेल्या महिन्यात कंग्राळीच्या एक मावशी पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनला आल्या आणि तशाच परत गेल्या, कारण सकाळी भाकरी खाऊन आल्या होत्या. मी लिहिलं होतं, 'शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने निराहार राहणे अनिवार्य आहे.' लेकीनं ते त्यांना वाचूनही दाखवलं होतं. "निराहार म्हंजे मटण-अंडं खायचं न्हाय, असं वाटलं आमाला," मावशी म्हणाल्या. पोट धरून रिक्षात बसताना त्या स्वतःलाच अडाणी म्हणत होत्या. ते मला लागलं.

मला आपलं निपाणीचं स्वयंपाकघर आठवलं. तू तंबाखूच्या वखारीतून खोकत आली आहेस, वखारीत बायकांना वाटलेला एक सरकारी कागद माझ्या हातात देतेस. मी वक्तृत्व स्पर्धेतल्या आवाजात वाचते, 'श्वसनमार्गाचे संरक्षण करणे क्रमप्राप्त आहे.' तू भाकरी थापता थापता म्हणतेस, "वाचलीस झ्याक. पन करायचं काय म्हनतंय?" "तुला न्हाय कळायचं," मी म्हणाले. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "मला न्हाय कळायचं, तर माझ्या हातात दिला कशाला गं त्येनी?" खरं तर मलाही कळलं नव्हतं. नाकाला फडकं बांधा, एवढंच होतं ते.

मावशी परत गेल्या त्याच दुपारी मी वेबसाइटवरचं ते पान नव्यानं लिहायला घेतलं. 'आदल्या रात्री जेवल्यावर काही खाऊ नका. सकाळचा चहासुद्धा नको.' डॉक्टर म्हणाले, "फारच साधं झालं की." मी म्हटलं, आधी मावशींना वाचू दे. कंग्राळीला त्यांच्या घरी गेले. त्यांनी स्वतः, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं आणि विचारलं, "चा बी न्हाय व्हय?"

पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं. आता सगळीच पानं मी बदलते आहे, शेजारच्या टेबलावर कन्नडची पानंही बदलताहेत.

काल बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, असं लिहायला कुठं शिकलात? मी पुण्यातल्या एका कोर्सचं नाव सांगितलं, आई. तुझं सांगायला जीभ रेटली नाही.