पाठमोरी राजधानी

ता. ३ मार्च

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू राजधानीत सुखरूप पोचलीस आणि बुटांच्या कारखान्यात रुजू झालीस, हे तुझं पत्र तुझ्या आईने मला वाचून दाखवलं. मग तिने ते कुठेतरी ठेवून दिलं आणि आता मीच हरवलं म्हणते. असो.

एवढी वर्षं शहरदर्शनाच्या बसवर गाईड म्हणून काढली आणि सख्ख्या भाचीला शहर दाखवायला मात्र मी तिथे नाही, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तेव्हा पत्रातूनच दाखवतो. सुट्टीच्या दिवशी हे हातात घेऊन नीघ.

स्टेशनच्या पायऱ्या उतरलीस की सरळ रस्त्याला लाग. पहिला येईल तो घड्याळाचा मनोरा, उजव्या हाताला. त्याची घंटा लढाईतल्या तोफा वितळवून ओतली आहे, म्हणून आवाज जरा घोगरा. मनोरा लहान लहान होत गेला की राजदरवाजा येतो. त्याच्या कमानीवर विटांचं एक ठिगळ आहे आणि ठिगळाच्या फटीत पारवे राहतात. मग डाव्या हाताला राजवाडा. राजाने तो राणीच्या हट्टापायी बांधायला काढला आणि तो पुरा होईपर्यंत राणीची हौस फिटली होती, असं मी सांगायचो. बायका हसायच्या, नवरे खिडकीबाहेर बघायचे. आता तिथे संग्रहालय आहे. पुढे चौकात घोड्यावरचा राजा. राजाचं तोंड कसं आहे ते विचारू नकोस, पण घोड्याची शेपटी अशी घडवली आहे की वारा आला तर हलेल असं वाटतं. मग उजवीकडे घुमटाची इमारत, तिथे कायदे होतात. शेवटी जुना पूल. पुलावर गेलीस की सगळं शहर डोळ्यांसमोर उभं राहतं. तिथे मी बोलायचं थांबायचो.

काय काय पाहिलंस ते सविस्तर लिही. बूट घालून चाल, फुकट मिळत असतील तर. लोभ आहेच, तो तिकडच्या गर्दीत सांडू देऊ नकोस.

तुझा मामा

ता. १२ मार्च

ती. मामांस,

सा. न. वि. वि. तुमचं पत्र घेऊन रविवारी निघाले आणि पार भंजाळून परत आले.

उजव्या हाताला मनोरा म्हणालात. उजव्या हाताला गाद्यांची दुकानं आहेत. एका गादीवाल्याला विचारलं तर त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मनोरा डावीकडे उभा, चांगला घराएवढा रुंद. शिवाय तो लहान होत नव्हता, मी चालेन तसा मोठाच होत होता. राजदरवाजावर ठिगळ नाही, पारवेही नाहीत. तिथे दोन दगडी सिंह आहेत, त्यांचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. डाव्या हाताला राजवाडा शोधत एका शाळेच्या फाटकातून आत गेले, तर पहारेकऱ्याने बाहेर काढलं. राजवाडा समोरच्या बाजूला निघाला. घुमटही तसाच, डावीकडे. चौकातला राजा तर थेट माझ्या अंगावर घोडा घालून येत होता. शेपटी बघायला मी पुतळ्याला वळसा घातला आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

पुलावर पोचले. समोर शहर नव्हतं, धान्याची कोठारं होती. मला कळेना की मी चुकीच्या गावात नोकरीला लागले की काय. मामा, चेष्टा केलीत ना माझी? केली असेल तर कबूल करा, मी रागावणार नाही. आईला हे सगळं लिहिलं आहे. तुमची माया आहे तशीच असू द्या, रस्ते मात्र तेवढे नीट सांगा.

तुमची भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. तुझं पत्र वाचलं. मामाच्या नावाने आलेलं पत्रही मी त्याला दाखवलेलं नाही. त्याने चेष्टा केलेली नाही गं. मनापासून, दुपारभर बसून लिहिलं होतं ते पत्र.

तू गेल्यापासून त्याचं काहीतरी बिनसलं आहे. चहात मीठ घालतो. परवा शेजारच्यांच्या कुलपात आपली किल्ली फिरवत बसला होता. कुणी राजधानीचा विषय काढला की उठून दाराकडे पाठ करून उभा राहतो, एका हाताने वरची चौकट धरतो आणि घर पाहुण्यांनी भरलं असल्यासारखा बोलत सुटतो. शेजारच्या मुली तोंडाला पदर लावून हसतात आणि मला मात्र रडू येतं.

तुझ्या मामेभावाने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, सकाळचं विसरणं वेगळं, पण माणसाने जन्मभर केलेलं कामही उलटंपालटं व्हायला लागलं तर त्याला घरी एकटं सोडता येणार नाही. मग त्यांनी नकाशा काढून माझ्या दादाला शहर विचारलं, तर प्रत्येक डावं उजवं निघालं. तुझ्या मामेभावाने एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे. महिनाअखेरीला येऊन दादाला नेणार म्हणतो. मी दिवसभर शिवणवर्गात असते, त्याच्यामागे कोण बसणार, असं विचारतो.

मामी गेल्यावर दादा माझ्याकडे आला तो कायमचाच, असं मी धरून चालले होते. त्याला दुसरीकडे पाठवायचं माझ्या जिवावर आलं आहे. तू डोळ्यांनी शहर पाहिलं आहेस. त्याचं डोकं खरंच फिरलं आहे का, ते मला स्पष्ट लिही. माझ्या समाधानासाठी खोटं लिहू नकोस. जीव लावून आहे, तो तसाच राहू दे.

तुझी आई

ता. २५ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझ्या पत्राने माझाही धीर सुटला. मामाला चेष्टा समजून काय काय लिहून बसले होते. खरं काय ते लिहायचं तर आधी पुन्हा बघायला हवं म्हणून शहरदर्शनाच्या बसचं तिकीट काढलं, मामा जायचा त्याच बसचं.

हल्ली तिथे एक गाईडबाई आहेत. बस सुटली तशा त्या ड्रायव्हरकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि एका हाताने वरची दांडी धरली. आम्हाला म्हणाल्या, डावीकडे घड्याळाचा मनोरा पाहा, आणि वर केला उजवा हात. सगळ्यांनी बरोबर डावीकडे पाहिलं. मी मात्र त्यांच्या हाताकडेच बघत राहिले.

आई, मी दिवसभर कातडं कापते. पुठ्ठ्याचा एकच नमुना असतो. तो असा ठेवला की डावा बूट निघतो, पालथा घातला की उजवा. मामाने मला नमुना पालथा घालून दिला होता. त्याने शहर उलट्या तोंडाने पाहिलं आहे, जन्मभर. लोकांना डावं सांगताना त्याचा उजवा हात वर जायचा, आणि आता त्याला तो हात आठवतो.

दुसऱ्या फेरीला मी गाईडबाईंची परवानगी काढून त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच उभी राहिले. मनोरा उजव्या हाताला आला आणि लहान लहान होत गेला. राजदरवाजातून बस आत शिरली आणि आतल्या बाजूला कमानीवर विटांचं ठिगळ दिसलं, पारव्यांसकट. डाव्या हाताला राजवाडा. चौक ओलांडल्यावर राजा पाठमोरा आणि ती शेपटी, खरंच हलेलशी. पुलावर सगळं शहर डोळ्यांसमोर होतं. मला बसमध्ये सगळ्यांदेखत रडू आलं. गाईडबाईंनी बस लागते का म्हणून विचारलं.

तेव्हा मामाच्या डोक्यातलं शहर जसंच्या तसं आहे, एक वीटही हललेली नाही. चहातल्या मिठाचं मला माहीत नाही, ते मी कसं सांगू? पण डॉक्टरांना म्हणावं, त्याला उभं करून विचारा. आणि मामाला विचार, त्याने ते सिंह कधी पाहिले आहेत का. आहे त्या मायेत मलाही धरून ठेव.

तुझी भिंगरी

ता. ४ एप्रिल

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पत्राने घरात मोठी धांदल उडाली. तुझी आई ते घेऊन थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी मला कपाटाकडे पाठ करून उभं केलं, मी वरची फळी धरली आणि स्टेशनपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने ते नकाशा फिरवून बघायला लागले. राणीच्या गोष्टीला कंपाउंडरसुद्धा हसला. पुलापर्यंत पोचलो तेव्हा दारात इतर पेशंट गोळा झाले होते.

डॉक्टर म्हणाले, शहर शाबूत आहे. मीठ, साखर आणि किल्ली यांचं मात्र खरं आहे, ते वाढत जाईल. पण मी अजून इथेच राहावं, असं त्यांनी तुझ्या मामेभावाला सांगितलं. तो जरा फुगला होता, जाताना मात्र पाया पडला आणि बराच वेळ हात धरून बसला. दुपारी मी आता तुझ्या आईच्या शिवणवर्गातच बसतो आणि मुलींना शहर दाखवतो, उभा राहून.

सिंहांचं विचारलंस. दरवाजावर दोन हसरे सिंह आहेत, असं मी रोज सांगायचो. माझ्या आधीचा गाईड तसं सांगायचा. माझं वाक्य पुरं होईपर्यंत बस कमानीखाली शिरायची आणि परतायची ती दुसऱ्या रस्त्याने. राहायला मिळालेली डेपोची खोली शहराबाहेर होती, आणि दिवसभर उभं राहिल्यावर सुजलेल्या पायांनी सिंह बघायला परत कोण चालत जाणार? ते खरंच हसतात का गं? जाऊन बघ आणि मला लिही. एवढ्या लोकांना मी ते सांगितलं आहे.

तुझी आई माझ्यासमोर हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते. मला काहीच कळत नाही, असं तिला वाटतं. तिला सांग, भीती वाटते, पण तिला वाटते तेवढी नाही. मी पुढे काय येतंय ते कधी पाहिलंच नाही, दिसायचं ते सगळं लांब जाणारंच. मनोरा जायचा, राजा जायचा, पुलावरून तर अख्खं शहर जायचं आणि मी दांडी धरून उभा असायचो. तसंच आताही उभा राहीन. वरती धरायला काहीतरी असलं म्हणजे झालं.

तू मात्र तोंड पुढे करून चाल. समोर काय येतंय ते मला लिहीत जा.

तुझा मामा