पेटीतलं इंजिन

नॉर्थ कॅरोलिना,
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय हार्लन,

ओहायोत अजून बर्फ आहे का? इकडे पीचची झाडं फुललीत, डॅडींचा गुडघा कुरकुरतोय आणि मी आनंदाने वेडी व्हायची बाकी आहे! अरे, गाडी मिळाली मला! सहा मे, मातीच्या ट्रॅकवर पहिली शर्यत, आणि चालवणार कोण? मी! सीट बसली, दारावर सत्तेचाळीस आकडा रंगवून झाला. फक्त इंजिन नाही.

आमच्या गटात दोन्ही चालतात, विकतचं आणि घरी बांधलेलं. पार्टवाला वेंडल म्हणतो, "रोवेना, उगाच डोक्याला ताप नको. पेटी उघडायची, बसवायचं, किल्ली फिरवायची. झालं!"

डॅडींनी तोंडात घास असतानाच आवाज चढवला. "विकतच्या इंजिनावर जिंकलीस, तर कप वेंडलच्या घरी पोचव. माझ्या भिंतीवर नको."

"आधी जिंकू तर द्या!" मी म्हटलं.

आपण दोघांनी टेनेसीहून आणलेला इंजिनाचा रिकामा ब्लॉक अजून गॅरेजात ताडपत्रीखाली आहे. बांधला तर विकतच्याला धूळ चारेल, हे मलाही कळतं. तरी मी वेंडलकडे पेटीच मागवली. का, माहितेय? तिचे बोल्ट कारखान्यातूनच सील होऊन येतात. सील तोडलं की शर्यतीतून बाद. म्हणजे आत काही बिघडलं, तर तो माझ्या हातचा दोष नसणार.

आता खरं सांगते. हे वाक्य मी तीनदा खोडलंय.

डॅडींचा नियम तुला पाठ आहे. बोल्ट मापाने आवळला की लगेच त्यावर पिवळी रेघ, आणि रेघ दिसली की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. सहा वर्षांपूर्वी आपण दोघं जुनं इंजिन बांधत होतो, त्या दिवशी पिस्टनच्या रॉडचे शेवटचे दोन बोल्ट माझे आवळायचे राहिले होते. रंग वाळत चालला होता, म्हणून मी सगळ्यांवर रेघा ओढून टाकल्या. म्हटलं, जेवून येते आणि आवळते. मी परत आले तोवर तू रेघा बघून खालचं झाकण लावलं होतंस. मला बोलायची लाज वाटली. शर्यतीत नवव्या फेरीला तोच रॉड त्या इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला.

डॅडी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "पिऊन आवळलेस का रे बोल्ट?" मी शेजारीच पाने-पकडी पुसत उभी होते. तू निघून गेलास, तरी पुसतच राहिले. हार्लन, मला माफ कर. माफ नाही केलंस, तरी मला वाईट वाटायचा हक्क नाही.

काल वेंडलला फोन करून पेटी रद्द केली. मी बांधणार आहे! ताडपत्री काढली, ब्लॉक धुतला, बोटं अजून काळी आहेत. आज चर्चमध्ये तशीच जाणार. नंतर जेवणाआधी डॅडींना सगळं सांगणार, कारण जेवण झालं की माझी हिंमत आटते, हे मला आता माहीत आहे. त्यांनी गॅरेजची किल्ली काढून घेतली, तर घेऊ देत.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर त्यांना कळलेलं असेल. माझे फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. पण या आठवड्यात फोन वाजला तर उचल. तो माझा नसेल.

सहा वर्षं गप्प बसलेली तुझी बहीण,
रोवेना