खांद्यावर काहीतरी लांब

४ मार्च

ती. मामांस,
ठकूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, असं मामी म्हणते. म्हणून हे पत्र.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. उंचावरून काढलेले फोटो पडद्यावर येतात, त्यातल्या प्रत्येक गोष्टीभोवती चौकट आखून नाव द्यायचं. गाय, झाड, मोटार, माणूस. अशा हजारो चौकटी पाहून यंत्र ओळखायला शिकतं. पुरात अडकलेली माणसं शोधायला हे आहे, असं आम्हाला सांगितलं होतं. गेल्या सोमवारी यादीतून 'माणूस' गेला. त्या जागी दोन नावं आली: 'सशस्त्र' आणि 'निःशस्त्र'. बुडणाऱ्याला हे कशाला विचारायचं, असं मी साहेबांना म्हटलं, तर ते म्हणाले की काम आलंय तसं करावं.

काल एका फोटोत एकटा माणूस होता, खांद्यावर काहीतरी लांब. छत्री? फावडं? मी पाऊण तास बघत बसले. शेजारची मैत्रीण म्हणाली की दिवसाला सहाशे फोटो संपवायचे असतात, काहीतरी ठोक. मी 'सशस्त्र' ठोकलं. घरी आल्यावर वाटायला लागलं की फावडंच होतं. ताट तसंच झाकून ठेवलं.

तुम्ही टेकडीवर बसून तोफांना ठिकाणं सांगायचात ना? तेव्हा कसं ओळखायचात? नोकरी धरू की सोडू, मला काही सुधरत नाही.

मामीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐन गोंधळात आलं. मी इतिहास शिकवायचो त्या सैनिकी शाळेने मला व्याख्यानाला बोलावलंय. विषय, 'पुढचं युद्ध'. कालचं शिकवणाऱ्याला उद्याचं विचारायचं, म्हणजे चपलांच्या दुकानात टोपीचं माप द्यायचं! तीन मसुदे फाडले. मामी म्हणते, युद्ध नंतर, आधी केर उचला.

इतिहास चाळावा तर डोकं आणखी गरगरतं. तोफ आली तेव्हा म्हणाले, किल्ले संपले. लोकांनी भिंती बुटक्या आणि जाड केल्या. मिनिटाला शेकडो गोळ्या झाडणारी बंदूक आली तेव्हा काहींना वाटलं, आता भीतीनेच लढाया थांबतील. थांबल्या नाहीत, माणसं खंदकात गेली. पुढे म्हणाले, खंदकांचे दिवस गेले. आज उडती यंत्रं चुकवायला पोरं पुन्हा खंदकच खणतायत. ज्याला आपण रणगाड्यांचं महायुद्ध म्हणतो, त्यात लाखो घोडे राबले आणि मेले. घोड्यांवर मी दोन पानं लिहिलीत, ती सोबत धाडतो. थोडक्यात, ज्याने ज्याने भविष्य सांगितलं तो तोंडघशी पडला. आता माझी पाळी.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, दुर्बिणी चांगल्या होत्या. सरावाने कळायचं.

जेवत जा. रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा
मामा

२० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घोड्यांना दोन पानं आणि भाचीला दोन ओळी! घोड्यांचं नशीब थोर.

मी साहेबांकडे 'सांगता येत नाही' असं तिसरं नाव मागितलं. ते ओरडले नाहीत, उलट चहा मागवला. म्हणाले, त्याने यंत्र काहीच शिकत नाही. शिवाय घाबरलेल्या सैनिकापेक्षा यंत्र कमीच चुकेल. समोर बसले होते तोवर पटलं. जिना उतरताना पटेनासं झालं. खाली पोचले तर पुन्हा थोडं पटलं.

शुक्रवारी मी एक्केचाळीस फोटो कोरे सोडले. सोमवारी ते परत आले, आजच्या आज भरा म्हणून. मी राजीनामा दिला. धाडस वगैरे काही नाही, हातच चालेना. दुपारी डबा घ्यायला गेले, तर माझ्या खुर्चीत दुसरी मुलगी बसलेली. एक्केचाळीसपैकी तीस तिने भरूनही टाकले होते. मग मी थांबवलं काय?

आई म्हणते, दुर्बिणीचा विषय निघाला की दादा नेहमी उठून जातो. खरं का हो? खरं असेल तर राहू द्या, नका सांगू.

लोभ असाच राहो, घोड्यांपेक्षा थोडा जास्त.

तुमची
ठकू

२९ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई खरं बोलते.

परवा व्याख्यान झालं. घोडे, तोफा सगळं सांगितलं. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं की सर, यंत्र चुकलं तर जबाबदार कोण. उत्तर तयार होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

मी सव्वीस वर्षांचा होतो. समोरच्या उतारावरून आठ-नऊ जण येत होते, खांद्यांवर काहीतरी लांब. फोनवरून मला विचारलं, कोण आहेत. मी म्हणालो, सशस्त्र. तोफा सुटल्या. दुसऱ्या दिवशी आमचं पायदळ तिथून गेलं. माणसं गाववाल्यांनी उचलून नेली होती. उतारावर काठ्या पडल्या होत्या, वेल चढवायच्या. बंदूक एकही नाही. अहवालातला शब्द मी बदलला नाही. कोणी बदल म्हणालंही नाही.

सभागृहात मागे तुझी मामी बसली होती. चाळीस वर्षांच्या संसारात तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

आम्ही घरी आलो. दारात कुलूप काढताना तिने विचारलं, त्यांत लेकरं होती का. मी म्हणालो, तेवढ्या लांबून वय कळत नाही.

तिने विचारलं, मग बंदुका कशा कळल्या.

तू चार दिवस राहायला ये.

तुझा
मामा