बिलाशिवाय घेतलेले ब्रेक पॅड

१२ जानेवारी, रविवार

सकाळी माझ्या भावाच्या, अण्णाच्या, स्पेअर पार्टच्या दुकानात. जुन्या हुबळीत गाडी लावायला जागा मिळाली तर शप्पथ. पार लांब लावली आणि डबे हातानं वाहिले. शाळेतल्या आम्हा तिघांची खरेदी: मी, गिरिजा, नाईक सर. इंजिन ऑईल, फिल्टर, कूलंट. वर्कशॉपवाले याच सामानाचं जे बिल लावतात त्यात माझ्या घरचा दोन महिन्यांचा किराणा येतो. त्यापेक्षा सामान आपण आणायचं आणि धारवाडला केलगेरीत घराजवळच्या बसवराज मेकॅनिककडून बसवून घ्यायचं. स्टाफरूममध्ये मला आता ‘स्पेअर पार्ट मॅडम’ म्हणतात. म्हणू देत.

गिरिजाचे ब्रेक पॅड संपलेत, माझेही संपत आलेत. दोघींचं मॉडेल एकच, तिची पांढरी, माझी राखाडी. अण्णानं तिचे काउंटरवरच्या ढिगातून काढून दिले, माझे आत जाऊन आणले. भाव एकच. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल केलं की टॅक्स आला. घरच्या माणसाला बिल कशाला गं?” बरोबरच आहे.

अण्णा वाळलाय. मी होते तेवढ्या वेळात गिऱ्हाईक एकच आलं, तेही भाव विचारून, मोबाईलमध्ये बघून परत गेलं. वहिनीनं भडंग बांधून दिलं.

१५ जाने., बुधवार

बसवराजकडं दोघींच्या गाड्या. गिरिजा जरा का-कू करत होती. “कंपनीचेच घालू का गं? अव्वांना घेऊन फिरायचं असतं.” अव्वा म्हणजे तिच्या सासूबाई, आम्ही सगळेच त्यांना अव्वा म्हणतो. मी म्हटलं, “दुप्पट कशाला देतेस? माझ्या गाडीलाही तेच घालतेय की.” मग तयार झाली. संक्रांतीचे तीळ आणि उसाचे करवे दिले तिनं.

नाईक सरांनी वाचलेल्या पैशात बायकोला मिक्सर घेतला म्हणे. मला उगाच अभिमान वाटला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गिरिजाला अपघात. विद्यापीठाच्या उतारावर. अव्वांना डोळे तपासायला नेलं होतं, परत येत होत्या. खरखर आवाज आला आणि गाडी थांबेना. खाली बसथांब्यावर माणसं उभी. तिनं गाडी डावीकडं वळवून भिंतीवर घातली.

गिरिजाचं उजवं मनगट मोडलं. अव्वांचा खुबा.

मी दहावीच्या वर्गात होते. वर्तुळाची स्पर्शिका अर्धवट सोडून निघाले. हुबळीहून धारवाडला कशी पोचले आठवत नाही. गिरिजा स्ट्रेचरवर, मला बघून रडली. “मी ब्रेक दाबला होता गं वैदेही. खरंच दाबला होता.” हेच परत परत.

७ फेब्रु.

अव्वांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, पण या वयात चालतील की नाही ते आत्ताच सांगत नाहीत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “कुणाला लागलं तर नाही ना री, रस्त्यावरच्या?”

मला तिथं उभं राहवेना. बाहेर येऊन पाण्याची बाटली घेतली, परत आत गेले.

८ फेब्रु., शनिवार

गिरिजाचे यजमान महांतेश वकील आहेत, धारवाड कोर्टात. त्यांच्याबरोबर गाडी ठेवलीय त्या गॅरेजला गेले. गॅरेजवाल्यानं चाक उघडून ठेवलं होतं. पॅडवरचं अस्तर पत्र्यापासून सुटून आलं होतं, जुन्या चपलेचा तळ सुटतो तसं. “डबा कंपनीचा, माल नकली,” म्हणाला. दुसऱ्या गाडीकडं गेला.

महांतेश माझ्याकडं बघत होते. आवाज अजिबात चढवला नाही. “मॅडम, हे तुमच्या अण्णांकडून ना?”

हो म्हटलं.

“बिल?”

९ फेब्रु., रविवार

अण्णाकडं. गिऱ्हाईक नव्हतं, ते एक बरं.

विचारलं, “तो माल नकली होता का?”

“कोण म्हणतोय?”

“गिरिजाची सासू दवाखान्यात आहे, अण्णा.”

“ऐकलं मी. वाईट झालं. पण गाडी कशी चालवली कुणाला ठाऊक? उतारावर गिअर काढला असेल. पॅड नीट बसवले नसतील. हजार कारणं असतात. सगळं दुकानदाराच्याच डोक्यावर?”

मी म्हटलं, माझ्या गाडीलाही तेच पॅड आहेत, मी रोज त्याच गाडीनं येते-जाते.

तर पटकन म्हणाला, “तुझे तसले नाहीत. तुला मी खरे दिलेत.”

 वहिनी आतल्या दारात उभी होती. तिनंही ऐकलं.

मला आधी काय वाटलं ते इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही. आधी बरं वाटलं. अण्णानं मला जपलं म्हणून. मग त्याचा अर्थ लागला.

“म्हणजे तुला माहीत होतं.”

त्यानं काउंटरवरचे डबे उगाच सरळ केले. मग म्हणाला, डबे वेगळे येतात, माल वेगळा येतो, भरायचं इथं. दिवाळीपासून. “ऑनलाइनच्या भावात खरा माल परवडतो का, तूच सांग. मग दुकान बंद करू?” आणि मग, “तू तरी कधी म्हणालीस का, अण्णा महाग असू दे पण चांगलं दे? दर वेळी येऊन अजून कमी कर, अजून कमी कर.”

तसं मी कधी म्हणाले नव्हते. 

१० फेब्रु.

नाईक सरांनी मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, आमचं ऑईलसुद्धा तिथलंच ना?” मी म्हटलं, काढून टाका. पैसे मी देते. “पैशाचं नाही हो,” म्हणाले. पण डोळ्याला डोळा दिला नाही. दुपारी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसले.

अण्णाला फोन केला. किती जणांना दिलेत ते पॅड? “आता कुणाकुणाला सांगत फिरू?” ठेवून दिला. शाळेची व्हॅन चालवणारा एक आहे त्यात, वहिनीनं नंतर हळूच सांगितलं.

११ फेब्रु.

माझे यजमान श्रीकांत बँकेच्या बदलीनं कलबुर्गीला. घरी असते तर समोरासमोर बोलता आलं असतं. फोनवर म्हणाले, “घरातली गोष्ट कोर्टात नेऊ नकोस. अण्णांना तो नकली माल काढून टाकायला सांग, गिरिजाबाईंचा दवाखान्याचा खर्च आपण थोडा उचलू, विषय संपव.”

“अव्वा चालल्या नाहीत तर?”

“तेही तूच केलंस का?”

मला वाटतं थोडं मीच केलं. फोन ठेवून दिला.

१३ फेब्रु., गुरुवार

दवाखान्यात. महांतेश कॉरिडॉरमध्ये भेटले. पोलिसांत तक्रार द्यायचीय. दुकानाचा शिक्का कशावर नाही, बिल नाही, बसवराज म्हणतो सामान मॅडमनी आणलं. “तुमच्या शब्दाशिवाय माझ्याकडं काहीच नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग ते दुकान उद्याही उघडेल.”

गिरिजाजवळ बसले. प्लॅस्टरमधल्या हाताची बोटं सुजलीत. ती कन्नड शिकवते, फळ्यावर तिचं अक्षर इतकं देखणं की तास संपला तरी पुसावंसं वाटत नाही. विचारलं, मी काय करू? तिनं डाव्या हातानं चादर सारखी केली. मग म्हणाली, “तो तुझा भाऊ. लिहून देऊ नको असं मी म्हणणार नाही. लिहून दे असंही नाही म्हणणार. मला नको विचारूस गं.”

निघताना अव्वांनी हात धरला. “ऊट आता?” रोजच विचारतात, जेवलीस का म्हणून. आजही तसंच.

१५ फेब्रु.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा अण्णा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. सोडलं आणि दुकानात बसला. माझं बी.एड. त्या दुकानातून झालं, लग्नही. कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

महांतेशना सांगितलं, चार दिवस द्या. अण्णाला आधी सगळ्यांना फोन करून पॅड काढायला लावू द्या, मग मी सही करते. ते म्हणाले, “आणि तोवर एखाद्याचं काही झालं तर?” तरी थांबले.

१६ फेब्रु., रविवार

अण्णाला सगळं सांगितलं. तक्रार होणार आहे, सही मी करणार आहे, त्याआधी गिऱ्हाइकांना फोन कर.

माझ्याकडं बघत राहिला. “तू कुणाच्या बाजूनं बोलायलीस?”

मी म्हटलं, व्हॅनमध्ये पोरं असतात.

शिवी हासडेल, हाकलून देईल असं वाटलं. तसं काही नाही. मोबाईल घेतला, चष्मा लावला आणि नंबर शोधायला लागला. व्हॅनवाल्याला पहिला फोन. कन्नडमध्ये, गोड आवाजात, कंपनीनं तो लॉट परत मागवलाय, आजच्या आज काढ, दुसरे फुकट देतो. खोटं. पण काढ म्हणाला. मी काय करणार होते, फोन हिसकावून खरं सांगणार होते? समोर बसून राहिले. एकापाठोपाठ एक तेच खोटं बोलत गेला. मध्ये एकदा आवाज बसला, वहिनीनं पाणी दिलं.

शेवटी म्हणाला, “दोघं राहिले. रोख घेऊन गेले, नंबर नाही. एक बहुतेक कमरीपेठेतला. दुसरा कोण ते आठवत नाही.”

१७ फेब्रु.

शाळा सुटल्यावर कमरीपेठेत. अण्णानं सांगितलेल्या खुणेवर, निळी जुनी गाडी, मागच्या काचेवर चीर. दोन-तीन दुकानांत विचारलं. “एन बेकागित्री?” काय हवं होतं? काय सांगणार? एक निळी गाडी सापडली, ती भलत्याचीच. मालक माझ्याकडं वेडी असल्यासारखा बघत होता.

१९ फेब्रु., बुधवार

आज सही केली.

महांतेशनी कागद दोनदा वाचून दाखवला. दुकान, तारीख, सामान, बिल न देणं. एका ओळीला मी थांबवलं. “माझ्यासाठी आतून वेगळे आणले हेही लिहा.” ते म्हणाले, याची गरज नाही, यानं तुमचा भाऊ जास्त अडकेल, त्याला माहीत होतं हे सिद्ध होईल. माहीत आहे, म्हटलं. खरं तेच आहे. पेन चालेना, दुसरं दिलं.

घरी येऊन कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात लागला.

२१ फेब्रु.

पोलीस दुकानात जाऊन माल बघून आले. वहिनीचा फोन. रडत नव्हती, तेच वाईट. “अगं, निदान आतून आणलेलं तरी लिहायचं नव्हतंस. त्यानं तुझ्या काळजीनंच आणले होते ना ते?”

श्रीकांत म्हणाले, आता केलंस ते केलंस. पुढच्या आठवड्यात येतायत.

अव्वांना आज वॉकर धरून उभं केलं. पाऊल पडलं नाही.

२३ फेब्रु., रविवार

जाऊ नको असं श्रीकांत म्हणत होते. गेले.

दुकान उघडं होतं. अर्धी फळी रिकामी, उरलेला माल ओळीनं लावलेला. अण्णा काउंटरवर, समोर कुणी नाही. मी उंबऱ्यातच उभी राहिले. वाटलं होतं काहीतरी बोलेल, मी उत्तरं जुळवून नेली होती. तो म्हणाला, “जेवून जाणार का?”

हो म्हटलं. काय म्हणणार?

वहिनीनं वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. ती बोलली नाही, पण भाकरी तव्यावरून काढून थेट ताटात टाकली, नेहमीसारखी. अण्णाला तिनं दोनदा हाक मारली. “गिऱ्हाईक येईल,” म्हणून तो बाहेरच बसला. कुणी आलं नाही.

जेवून बाहेर आले. त्या दोघांतलं कुणी सापडलं का, विचारलं. मान हलवली, नाही. वकील बघायला सांगितलाय म्हणाला, नाव सांगितलं नाही. मग मी उगाचच म्हटलं, गिरिजाचं प्लॅस्टर महिन्यानं निघेल. 

“येते मी.”

“सावकाश जा,” म्हणाला. माझ्याकडं न बघता.

गाडी लांब लावली होती. चालत जाताना एकदा मागं बघितलं. तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा होता, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडं बघत.