लाल तार

नाशिक, मार्च १९९९
गुरुवार, संध्याकाळ

कंपनीतून येऊन तास झाला, तरी डोळे मिटले की तेच चौकोन दिसतात आणि त्यांना जोडणाऱ्या तारा.

आज शोभाताईंना स्क्रीनसमोर बसवलं. मीटरची सर्किटं हाताने तपासण्यात त्यांची उमर गेली. आता ती तपासणी कॉम्प्युटर करणार, आणि त्याला कामं सांगायची ती लिहून नाही, चित्र काढून. चौकोन मांडायचे, माउसने तारा ओढायच्या. ही भाषा मी बनवलेली. कुणाला पटेल का, हीच धाकधूक होती.

छान जमलं त्यांना. मग मी म्हटलं, "ताई, आता ती लाल तार काढून टाका."

त्यांनी माउस सोडला, टेबलावरच्या सर्किटचा सप्लाय बंद केला आणि मगच स्क्रीनवरची तार पुसली.

सगळे हसले. त्याही हसल्या. "हाताची सवय हो मॅडम. लाल म्हणजे करंट."

साहेब म्हणाले, उद्यापर्यंत रंग बदला. बदलावा की नाही, कळेना. उठून दिसावा म्हणून तर लाल घेतला होता मी. पण तेवढा एक क्षण माझ्या चित्रातून वीज वाहत होती ना?

येताना बसच्या खिडकीतून खांबांवरच्या तारा वर-खाली होत होत्या. वाटत राहिलं, याही कुणीतरी अशाच ओढल्या असतील, संध्याकाळच्या आभाळावर.

कंपनीतून निघण्याआधी ती लाल तार निळी करायला बसले होते. खोलीत कुणीच नव्हतं. माउसवरचा हात थांबला.

उठले, आधी सप्लाय बंद केला.