अपेक्षित पगाराचा रकाना

मंगळवार, दिवेलागण

पुण्याच्या हॉस्पिटलातून आज फोन आला. अर्जात अपेक्षित पगार विचारला होता, तिथे मी इथे मंठ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून मिळतो तोच लिहिला. जास्त मागणं खोटं वाटलं. आईने घरी पाटीवर अक्षरं शिकवली, तेव्हाच नसलेलं लिहू नये हेही शिकवलं होतं.

फोनवरच्या बाई हसल्या. "सिस्टर, आकडा चुकला का? एवढ्यात इथं शिकाऊ मुलगीही येत नाही. उद्या नीट सांगा."

सकाळी सलाईन लावताना ऊसतोडीच्या मावशींच्या राठ हातात शीर सापडत नव्हती. डोळे मिटून बोटांनी शोधली. तीच शीर पुण्यात शोधली तर दुप्पट पैसे? बोटं तर हीच. गच्चीवर बसल्या बसल्या वाटलं, मी बसमध्ये आहे आणि जालना, संभाजीनगर, नगर, प्रत्येक स्टँडवर माझी किंमत वाढतेय. शेजारच्या सीटवरच्या बाईला पत्ताच नाही. आणि ती शीर? ती इथेच राहिली.

खाली जाऊन आईला सांगितलं. "येडे, तू कमी मागितलं तर तुझ्या मागून येणारीला बी तेवढंच देतील. मंग ते बराबर हाय का?"

हे मला सुचलंच नव्हतं. आता परत गच्चीवर येऊन उद्या सांगायचा नवा आकडा तोंडाने म्हणून बघतेय. पहिल्यांदा नुसतं पुटपुटले. दुसऱ्यांदा जरा बरा आला.

खालून आई ओरडली, "ऐकू येईना!"