दाबायचा नळ

४ मार्च, मंगळवार

पुन्हा नळ उघडा! बेसिन वाहिलं, बाथरूममध्ये घोटाभर पाणी, खालच्या मास्तरांच्या छताला डाग. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. मास्तर वर आले. "वहिनी, मी आता छत्री घेऊन जेवायला बसू का?" म्हटलं, बसा.

हे खुर्चीत. विचारलं, नळ कुणी उघडा टाकला? "मी नाही." विसरायला लागल्यापासून ह्यांच्याकडे एवढे दोनच शब्द उरलेत. चहा सांडला — मी नाही. दारात कुत्रं भुंकलं — मी नाही.

लेकीचा फोन. "आई, बस झालं आता. बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. फॉर्म आणलाय मी. सोमवारी सही कर."

"बरं," म्हटलं. आत काही हललं नाही. फरशी पुसली.

५ मार्च, बुधवार

फरशीचं फडकं पिळताना सुचलं. दवाखान्यात असतो तसला नळ! दाबला की पाणी, सोडला की जरा वेळानं आपला आपण बंद. विसरायचं कामच नाही. नळ वाहायचा थांबला तर सही कशाला?

दुकानात गेले. दुकानदार म्हणतो, "आजी, प्लंबर पाठवतो ना."

"कधी?"

"आठ-दहा दिवसांत."

तोवर सोमवार गेलेला असेल. म्हटलं, नळ दे, मी बसवते. हसला मेला! "तुम्हाला नाही जमायचं."

"चौथी शिकलेय. चाकी कुठल्या बाजूला फिरते ते कळतं मला."

आपला हात जगन्नाथ.

६ मार्च, गुरुवार

पाना सापडेना. सकाळ गेली त्यात. शेवटी निघाला कुठे — फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी! ह्यांच्यापुढे नाचवला. हा काय उद्योग? "मी नाही." मग काय पाना चालत गेला?

आज काम झालं नाही.

७ मार्च, शुक्रवार

बसला नळ! सगळं लिहून ठेवते.

बेसिनखालचा कॉक आधी बंद केला. देवाशप्पथ केला. मग बादली आणायला गेले. येऊन जुन्या नळाची नळी सोडवली तर पाणी सपकन तोंडावर! चष्मा, पदर, सगळं ओलं. कॉक उघडाच. माझी पाठ वळल्यावर ह्यांनीच फिरवला असणार, दुसरं कोण? खूप बोलले. नको तेही बोलले. हे आपले खुर्चीतून — "मी नाही."

मग बेसिनखाली पाठीवर पडले. जुना नळ धरून ठेवणारी चाकी सुटेना. अर्धा तास झटले. पाठ मोडली, हाताला फोड. काय झालं होतं — खालून बघितलं की सगळं उलटं फिरतं. सोडवतेय म्हणून आवळतच होते! चौथीत हे शिकवत नाहीत.

तेवढ्यात हे उठून आले. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते. वाकले, माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या बाजूला वळवलं. एकदाच. चाकी सुटली. परत जाऊन बसले. 

पुढचं सोपं. रबरी वायसर, आट्यांवर पांढरी टेप, नळी लावली, आवळली. दाबला. पाणी आलं. सोडला. नऊ मोजले — बंद! थेंब नाही. ह्यांना दाबायला लावला. त्यांनी दाबला, थांबला, परत दाबला.

बरं वाटायला हवं होतं. भांडी घासली.

८ मार्च, शनिवार

लेक आली. नळ तीनदा दाबून बघितला. "आई, कमाल आहे तुझी! पण उद्या बाबांनी गॅस उघडा टाकला तर? त्यालाही दाबायचं बटण लावणार आहेस?"

मी नळ फडक्यानं पुसला.

"दोन दिवस माझ्याकडे राहू देत. तू जरा झोप. सोमवारी सही झाली की परस्परच नेते."

पिशवी भरली. चार सदरे, चष्मा, दाढीचं सामान. गाडीत बसताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी नाही."

"बरं," म्हटलं. गाडीचं दार लावून दिलं.

९ मार्च, रविवार

घर गप्प. बाथरूमचा नळ छान चालतोय. भाजी आणून येते.

रविवारच, दुपार

जिन्यातच मास्तर उभे. "वहिनी, आता स्वयंपाकघरातून का?"

कुलूप काढलं. ओट्यावरून पाणी, फरशीभर पाणी. स्वयंपाकघरातला नळ पूर्ण उघडा. सकाळपासून घरात दुसरं कुणी नाही. किल्ली माझ्याच कमरेला होती.

नळ बंद केला. दोनदा बघितला. लेकीला फोन लावला. म्हटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण. ह्यांना आत्ताच्या आत्ता घरी आण.

"आई, काय बोलतेस? कोण चोर?"

"मी."